पान उलटून बघा, मग भाऊजींशी बोला

काका, नमस्कार.
घोडबंदर रोडला आमची लहानशी नर्सरी आहे. मिस्टर गेल्यापासून मी आणि धाकटे भाऊजी मिळून चालवतो. दसरा-दिवाळीसाठी म्हणून भाद्रपदातच घाटावरून शेवंतीच्या ३०० कुंड्या आणल्या. कुंडी ७० रुपयांना पडली. पंधरा दिवस सगळं छान होतं. मग पानांवर फिकट पिवळे ठिपके दिसायला लागले. पाणी जास्त होत असेल म्हणून मी कमी केलं. परवा कुंडी हलवताना एक पान उलटं झालं, तर खाली पांढरट-गुलाबी फोड. शोधल्यावर तशा ४० कुंड्या निघाल्या. भाऊजी म्हणतात, "पानं खुडून टाक, औषध मार आणि गप्प बस. बोभाटा झाला तर आपल्याकडे कुत्रंही फिरकणार नाही." त्याआधीच ६० कुंड्या एका सोसायटीला गेल्यात आणि २५ कळव्याच्या एका नर्सरीवाल्याला. खराब निघालेल्या कुंड्या काश्या धरायला, म्हणजे बुडाशी फुटणारे कोंब काढून नवी रोपं करायला, मुरबाडला नणंदेच्या शेतावर पाठवायचं भाऊजींच्या मनात आहे. असं काही झालं तर कुणाला कळवायचं असतं का? कळवलं तर नर्सरी बंद करतील का? आणि भाऊजींना न सांगता तुम्हाला लिहितेय, हे चुकलं का? फोटो सोबत आहेत.
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

ताई,

मुरबाडला एकही कुंडी पाठवू नका, हा निरोप तुम्हाला हे छापून यायच्या आधीच दिला आहे. तेवढी एक गोष्ट थांबण्यासारखी नव्हती. बाकीचं सविस्तर इथे लिहितो, कारण सणाच्या तोंडावर घाटावरून शेवंती उतरवणाऱ्या तुम्ही एकट्याच नाही.

आधी फोटोंबद्दल. तुम्ही तीन पाठवलेत. त्यातले दोन वरून काढलेले, छान उजेडातले, आणि माझ्या काहीच कामाचे नाहीत. यात तुमची चूक नाही. झाडाचा फोटो काढताना आपण सगळे त्याचा चेहराच काढतो. या रोगाची ओळख मात्र पाठीवर असते. तिसरा फोटो हलला आहे, पण पान उलटं धरलंय आणि कोपऱ्यात तुमचा अंगठा आला आहे, त्यामुळे मापाचा अंदाज येतो. शिरांच्या मध्ये पाच-सहा फोड दिसतात, मोठ्यात मोठा मुगाच्या दाण्याएवढा. रंग सायीसारखा, कडेला किंचित गुलाबी. मेणाचा थेंब पडून गोठावा तसे वर आलेले. वरच्या बाजूला नेमक्या त्याच जागी पिवळट ठिपका, आणि तिथे पान जरा आत दबलेलं.

हे शेवंतीच्या पांढऱ्या तांबेऱ्याचं, म्हणजे पानावर फोड आणणाऱ्या एका बुरशीच्या रोगाचं वर्णन आहे. फोटोवरून विचाराल तर रुपयात बारा आणे म्हणेन. उरलेल्या चार आण्यांसाठी नमुना तपासायला हवा, आणि ते काम माझं नाही, तुमचंही नाही आणि बुरशीनाशक विकणाऱ्या दुकानदाराचं तर अजिबात नाही.

तांबेरा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गव्हाचा येतो. शेतातून चालून आलं की धोतराला विटकरी पूड लागते, तो. शेवंतीवर तसा तपकिरी तांबेराही येतो. त्याचे फोड पानाखाली चॉकलेटी असतात, बोट फिरवलं की कोकोसारखी भुकटी लागते. पांढरा तांबेरा त्याच कुळातला, पण वेगळी बुरशी. शास्त्रीय नाव पुक्सीनिया होरियाना. त्याची नोंद पहिल्यांदा १८९५ साली जपानात झाली, म्हणजे जिथे शेवंती राजघराण्याचं चिन्ह आहे त्याच देशात. कित्येक दशकं तो जपान-चीनकडेच होता. १९६३ मध्ये इंग्लंडला पोहोचला आणि तिथून जगभर पसरला. समुद्र ओलांडून वाऱ्यावर आला नाही, हे लक्षात ठेवा. माणसांनी विकत घेतलेल्या कटिंग्जबरोबर आला.

मी तुम्हाला आता दोन-चार गोष्टी करून बघायला सांगतो. भाऊजींना बरोबर घेऊन करा. सकाळी, पानं कोरडी असताना.

एक पान उलटं करून ओल्या बोटाने फोड पुसून बघा. भुरी, म्हणजे पानावर पसरणारी पांढरी बुरशी, असेल तर पिठासारखी पुसली जाईल, आणि भुरी बहुतेक पानाच्या वरच्या अंगाला दिसते. पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी पांढरी कीड, असेल तर कापसासारखा पुंजका निघून येईल, नखाने चिरडला तर ओलं लागेल, आणि बहुधा तो पानाच्या बगलेत, देठाशी सापडेल. औषधाचा किंवा क्षारांच्या पाण्याचा डाग असेल तर तो सपाट असतो, फोड नसतो. करप्याचा ठिपका काळा-तपकिरी, खालून-वरून सारखाच. पांढऱ्या तांबेऱ्याचा फोड यातलं काहीच करत नाही. तो पानाच्या कातडीतूनच वर आलेला असतो. पुसला जात नाही, खरवडला तर पानाचा तुकडा घेऊन येतो. नवा असताना फिकट गुलाबी-बदामी, मग पांढरा. पांढरा झाला की समजा त्याने बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, सोडायला सुरुवात केली. जुना झाला की वरचा ठिपका मधोमध तपकिरी पडून वाळतो, आणि तेव्हा वरून बघणारा माणूस बिनदिक्कत "करपा" म्हणून मोकळा होतो.

असा मोकळा झालेला एक माणूस मीच आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका शेतकऱ्याच्या शेवंतीत बांधावरूनच नजर टाकली, वरून पांढुरकं दिसलं, भुरी म्हणून सांगितलं, गंधक मारायला लावलं. तीन आठवड्यांनी त्याने एक पान आणून माझ्या टेबलावर उलटं ठेवलं. काही बोलला नाही. खाली तपकिरी तांबेरा होता, चांगला दाट. तेव्हापासून मी कुणाच्या लग्नात स्टेजवरच्या शेवंतीचंसुद्धा पान उलटून बघतो. घरचे वैतागतात.

आता भाऊजींच्या उपायाकडे येऊ. पानं खुडायची, औषध मारायचं, गप्प बसायचं. तिन्ही गोष्टी स्वाभाविक आहेत. २१ हजारांचा माल अंगावर पडलाय आणि सण तोंडावर आहे, अशा वेळी कुणीही हेच म्हणेल. पण या रोगाच्या बाबतीत तिन्ही उलट्या पडतात.

खुडण्याचं बघा. बुरशी पानात शिरल्यापासून फोड दिसेपर्यंत साधारण ५ ते १४ दिवस जातात. म्हणजे ४० कुंड्यांवर फोड दिसताहेत तेव्हा बाकीच्या "चांगल्या" कुंड्यांपैकी किती आतून लागलेल्या आहेत, ते कुणालाच डोळ्यांनी सांगता येणार नाही. त्यात उकाडा वाढला की ही मुदत लांबते, आठ-आठ आठवड्यांपर्यंत. ऑक्टोबर हीटमध्ये कुंडी अगदी निर्मळ दिसेल, गिऱ्हाईक खुशीत घेऊन जाईल, आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी, हवा थंडावल्यावर, तिच्या गॅलरीत फोड फुटतील. मग ती कुणाचं नाव घेईल?

"ठाण्याच्या गरमीत हे टिकणारच नाही" असंही भाऊजी म्हणतील. अर्धं खरं आहे. या बुरशीला १७ ते २४ अंशांची हवा मानवते. आपल्याकडे तशी हवा थंडीतल्या रात्रीच काय ती मिळते. पण गव्हाच्या तांबेऱ्याची गोष्ट आठवा. आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात वर्षानुवर्षं खपून दाखवून दिलं की मैदानातल्या उन्हाळ्यात हा तांबेरा मरून जातो. तो जिवंत राहतो डोंगरात, थंड जागी, आणि दर हंगामाला तिथून पुन्हा खाली उतरतो. शेवंतीच्या बाबतीत ते डोंगराचं काम थंड हवेतली पॉलिहाऊसं करू शकतात आणि उतरण्याचं काम आपला टेम्पो करतो. मुरबाडच्या शेतावर, माळशेजच्या पायथ्याशी, थंडीतल्या रात्री तुमच्या घोडबंदर रोडपेक्षा चांगल्याच गार असतात. आणि नणंदबाई तर त्या कुंड्यांच्या काश्या धरणार. काशी म्हणजे त्याच झाडाची पोर. आईच्या अंगावर असेल ते पोरीबरोबर शेतात गेलं, की पुढच्या वर्षीची दहा गुंठे लागवड त्यावरच उभी राहणार. रोगट झाडाच्या काश्या धरणं हे या पिकातलं सगळ्यात महागडं फुकट आहे.

औषधाचं म्हणाल तर मी औषधाच्या विरोधात नाही. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारी बुरशीनाशकं या रोगावर काम करतात. पण ती फोड दाबतात, आतली बुरशी पूर्ण जाईलच याची खात्री नसते. आज फवारलंत तर उद्या कृषी अधिकाऱ्याच्या हातात जो नमुना जाईल त्यात ओळखण्यासारखं काही उरणार नाही, आणि तुमच्याकडे राहतील दिसायला बऱ्या, आतून लागलेल्या २०० कुंड्या. शिवाय तेच ते औषध मारत राहिलं की बुरशी त्याला दाद देईनाशी होते. परदेशात हे झालेलं आहे. तेव्हा आधी नमुना, मग फवारणी, तीही डब्यावरचं लेबल वाचून आणि अधिकारी सांगेल ते.

आणि गप्प बसणं. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पत्रातली खरी गाठ तीच दिसते.

आपल्याकडे "कळवणं" या शब्दाला चहाडीचा वास आहे. सरकारी ऑफिसात आपण होऊन जाऊन आपल्याच मालात रोग आहे सांगायचं, म्हणजे पायावर धोंडा मारून घ्यायचा, असं वाटतं. तुम्ही विचारलंत, नर्सरी बंद करतील का? ज्या कायद्याच्या नावाने लोक घाबरतात तो १९१४ चा जुना कीड-रोग कायदा आहे. त्याचा भर बाहेरून देशात येणाऱ्या आणि एका राज्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या मालावर आहे. त्याच्याच आधारे निघालेला २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश आयातीसाठी आहे. "माझ्या ४० कुंड्यांवर काहीतरी आलंय, बघून जा" असं सांगणाऱ्या बाईची नर्सरी बंद करण्यासाठी हे केलेलं नाही. अमेरिकेत या रोगाचं प्रकरण कित्येक वर्षं फार कडक राहिलं. दिसला की सरकारला कळवायचं, झाडं नष्ट करायची. आपल्याकडे शेतकरी आणि कृषी खातं यांचं नातं सल्ल्याचं जास्त आहे. वाईटात वाईट काय होईल? लागण झालेल्या कुंड्या काढून टाका म्हणतील. ते तर कुणी न सांगताही करायलाच हवं.

कुणाला कळवायचं, त्याचा रस्ता असा. सगळ्यात सोपं म्हणजे किसान कॉल सेंटरचा टोल-फ्री नंबर, १८००-१८०-१५५१. सकाळी ६ ते रात्री १० चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. शहरातल्या नर्सरीवाल्यांना वाटतं की ते शेतकऱ्यांसाठी, आपल्याला कोण विचारणार. बिनधास्त लावा. बोलताना "शेवंती खराब झालीय" एवढंच म्हणालात तर पाणी कमी करा असा सल्ला मिळेल, आणि तो तुम्ही स्वतःलाच देऊन चुकला आहात. असं सांगा: कुंडीतली शेवंती, ३०० पैकी ४० झाडं, पानाच्या खाली पांढरे-गुलाबी उठलेले फोड, वर पिवळा दबलेला ठिपका, माल अमुक तारखेला बाहेरून आला, अजून काही फवारलेलं नाही, पांढऱ्या तांबेऱ्याचा संशय आहे. एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस तुम्हाला सहज वाटेला लावणार नाही.

फोनवर थांबू नका मात्र. ठाण्याच्या तालुका कृषी अधिकारी कार्यालयात एक साधा अर्ज द्या, दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तारीख, शिक्का, सही. पोच हा कागद भाऊजींना फार आवडेल, कारण उद्या कुणी "तुम्ही जाणूनबुजून विकलं" म्हणालं तर दाखवायला तोच आहे. रोगाची खात्री करायला नमुना विद्यापीठाकडे जाईल. आपल्या कोकणासाठी ते दापोलीचं कृषी विद्यापीठ. अधिकाऱ्यांना सांगून पुण्याला, फुलपिकांवर काम करणाऱ्या केंद्रीय संशोधन संस्थेकडेही पाठवता येईल. ते त्यांच्यावर सोपवा.

नमुन्याची एक गंमत सांगतो. लोक पान प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर थोडं पाणी शिंपडून, "ताजं राहावं" म्हणून आणतात. दोन दिवसांत त्याची भाजी होते. आठ-दहा पानं घ्या, काही नुकते फोड आलेली, काही जुनी. कोरड्या वर्तमानपत्राच्या घडीत एकमेकांना न चिकटता ठेवा, ती घडी कागदी पाकिटात घाला आणि पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. वर तारीख, जात, कुठून आणलं, किती झाडांवर दिसलं. आख्खी कुंडी स्कूटरच्या पायाशी ठेवून घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून नेऊ नका. वाटेत निम्म्या नर्सऱ्याच आहेत.

नमुन्याचा निकाल येईपर्यंत शेवंतीची विक्री पूर्ण बंद. ४० नाही, सगळ्या. बाकीचं दुकान चालू ठेवा. हा रोग शेवंती आणि तिच्या अगदी जवळच्या भावकीतच फिरतो. झेंडू, गुलाब, मोगरा, जास्वंद, तुळस यांना तो लागत नाही, तेव्हा दसऱ्याचा झेंडू खुशाल विका. हे भाऊजींना पहिल्यांदा सांगा, बाकीचं मग.

पाणी संध्याकाळी पाइपने वरून मारत असाल, आणि ग्रीन नेटखाली बहुतेक सगळे तसंच मारतात, तर ते आजपासून बंद. बीजाणू रुजायला पान सलग पाचेक तास ओलं लागतं. संध्याकाळी सातला भिजवलेलं पान भाद्रपदात पहाटेपर्यंत सुकत नाही, म्हणजे आपणच त्याला गादी घालून देतो. सकाळी, बुडाशी पाणी घाला. कुंड्या वितभर अंतरावर सरकवा, हवा खेळू दे. गंमत अशी की हे बीजाणू हवेत फार नाजूक असतात. हवेतला ओलावा ८० टक्क्यांच्या खाली गेला की पाचेक मिनिटांत मरतात. पण पावसाळी दमट हवेत हेच ७०० मीटरपर्यंत जाऊ शकतात. सप्टेंबरमधलं ठाणे यातलं कुठलं, ते तुम्हाला सांगायला नको.

गळलेली पानं झाडून कोपऱ्यात ढीग करून ठेवायची सवय असेल तर तीही सोडा. सुटलेल्या पानावर, कोरड्या जागी, या बुरशीचे फोड आठ आठवडे जिवंत राहू शकतात. मातीत पुरलं तर तीन आठवड्यांच्या आत बहुतेक खेळ संपतो. म्हणजे वाळका कचरा ओल्या कचऱ्यापेक्षा वाईट. झाड न हलवता त्यावर पिशवी चढवा, बुडाशी कापा, पिशवी बांधा, अधिकाऱ्याने बघितल्यावर खोल पुरून टाका. जाळू नका. उघड्यावर जाळायला बंदी आहे आणि वर शेजारच्या टॉवरमधून तक्रार यायची ती वेगळीच. कात्री, हात साबणाने धुवा. तुमच्याकडे येणारा माळी चार सोसायट्यांत फिरत असेल तर त्याला शेवंतीला हात लावू देऊ नका, किंवा शेवंती शेवटी करायला सांगा.

आता ज्या ८५ कुंड्या गेल्या त्यांचं. हा फोन करताना घसा कोरडा पडतो, मला माहीत आहे. कळव्याच्या नर्सरीवाल्याला आजच्या आज फोन करा, कारण त्याच्याकडून त्या आणखी पुढे जाणार. तो धंद्यातला माणूस आहे. चिडेल, पण आज कळलं म्हणून चिडेल. महिन्याने स्वतःला कळलं तर वेगळ्या कारणाने चिडेल. सोसायटीच्या सेक्रेटरीला मेसेज टाका. फार लांबड नको: "नमस्कार. आमच्याकडून घेतलेल्या शेवंतीच्या काही कुंड्यांत पानांचा बुरशीजन्य रोग दिसला आहे. माणसांना, मुलांना, पाळीव जनावरांना यापासून काही धोका नाही. इतर झाडांनाही तो लागत नाही. कृपया पानाची खालची बाजू बघा. पांढरे फोड असतील तर कुंडी हलवू नका, आम्ही येऊन घेऊन जाऊ आणि बदल्यात दुसरं फुलझाड देऊ." दुसरं फुलझाड म्हणजे झेंडू द्या, जास्वंद द्या, पण शेवंती नको. हा मेसेज वाचून सोसायटीतली निम्मी माणसं कुंडी परतही करणार नाहीत, बघा. आणि पुढच्या वर्षी पालापाचोळ्याच्या खतापासून सगळं तुमच्याकडूनच घेतील. ही भविष्यवाणी नव्हे, ३० वर्षं नर्सरीवाले पाहिलेत म्हणून म्हणतो.

घाटावरच्या ज्याच्याकडून माल आणला त्यालाही कळवा, पण भांडणाच्या सुरात नको. "तुमच्या मालात रोग" असं सुरू केलंत तर तो "तुमच्या पाण्यात रोग" म्हणेल आणि विषय तिथेच बुडेल. त्याला पानाखालचा स्पष्ट फोटो पाठवा, टेम्पो कधी आला ते सांगा, आणि त्याची मूळ झाडं, ज्यांच्यावरून तो कटिंग घेतो ती, तपासायला सांगा. तुमच्याकडे आल्यावर पंधरा दिवसांनी ठिपके दिसले, म्हणजे लागण तिथली असण्याचा संभव आहे, वाटेतली किंवा तुमच्या शेडमधलीही असू शकते. बिल आहे ना? चलन, यूपीआयची नोंद, काहीही. ते सांभाळा. नमुन्याचा निकाल आला की बदली माल किंवा थोडे पैसे परत मागायला हात मोकळा राहतो. पुढच्या खेपेला माल उतरवायच्या आधी टेम्पोतच दहा-वीस कुंड्यांची पानं उलटून बघायची आणि शेवंती आली की दोन-तीन आठवडे वेगळ्या कोपऱ्यात ठेवायची. जागेची अडचण असते, कळतं. तरी ठेवा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. भाऊजींना न सांगता लिहिलंत, ते चुकलं का? नाही. पण आता सांगा. पत्रातून मला भाऊजी वाईट वाटले नाहीत, घाबरलेले वाटले. ते "बोभाटा" म्हणतात त्यामागे, भावाच्या पश्चात हाताशी आलेलं हे एवढंच दुकान आहे आणि ते आपल्या हातून बुडायला नको, ही धास्ती असावी. तुम्ही "काकांनी असं सांगितलंय" म्हणून सुरुवात केलीत तर ते माझ्यावर चिडतील आणि तुमचं ऐकणार नाहीत. त्यापेक्षा सकाळी चहाच्या वेळेला एक खराब पान आणि एक चांगलं पान त्यांच्यासमोर उलटं ठेवा. ओलं बोट फिरवायला सांगा. मग विचारा, हे वन्सच्या शेतात पाठवायचं का? नणंदेचं नाव निघालं की ते नर्सरीवाले राहणार नाहीत, भाऊ होतील. कॉल सेंटरचा फोनही त्यांनाच लावू द्या, तुम्ही शेजारी बसा आणि तारखा सांगा. तारखा तुम्हालाच पाठ असणार.

तिसरा फोटो पुन्हा काढा. पान काचेवर उलटं, बाजूला एक रुपयाचं नाणं, खिडकीचा उजेड, फ्लॅश बंद. आणि नणंदेला फोन झाला की मला एक ओळ कळवा. त्यांनी मागच्या वर्षी काश्या कुठून धरल्या होत्या, तेही विचारून ठेवा.